डबीतला झटका

"मी नाही हात धरणार," शिवणकाकू म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मला झटका नको."

आमचा दुपारचा प्रौढांचा वर्ग. घरचं आटोपून, दुकान बंद करून आलेली सात माणसं, शिवणकाम करणाऱ्या काकू, दूधवाला, पहारेकरी अशी, पन्नाशीत दहावीच्या वाटेला लागलेली. त्या दिवशी मी एका प्लास्टिकच्या डबीला आतून-बाहेरून फॉइल चिकटवून झाकणातून खिळा आत सोडला होता. प्लास्टिकची नळी लोकरीवर घासून खिळ्यावरून फिरवली, की डबीत वीज साठते. मग सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. पहिल्याच्या हातात डबी, शेवटच्याचं बोट खिळ्याला. "मुंगी चावल्यासारखं होईल," मी फुशारकीनं सांगत होतो.

काकूंचे यजमान वायरमन होते. अकरा वर्षांपूर्वी विजेच्या खांबावर काम करतानाच झटका बसून गेले. वर्गाच्या पहिल्याच दिवशी काकूंनी हे मला सांगितलं होतं आणि मी मात्र प्रयोगाच्या नादात साफ विसरलो होतो. माझीच मला लाज वाटली.

खरं तर वर्गात काकूंइतकं नवल कुणालाच वाटत नसे. चार लिंबांत तांब्याच्या तारा आणि जस्ताच्या पट्ट्या खुपसून आम्ही इवलासा दिवा लावला, तेव्हा त्या बाकावरून उठून म्हणाल्या होत्या, "अगंबाई! आणि मी आयुष्यभर नुसती पिळत आले!"

"राहू द्या काकू," मी म्हणालो. बाकी सहाजणांनी हात धरले. दूधवाल्यानं खिळ्याला बोट लावलं आणि सगळे एकदम ओरडले, "आई गं!" पहारेकरी आपला तळवा उलटसुलट करून बघत राहिला.

"माझ्यातून गेली ती? आणि ह्यांच्यातूनपण?"

"सगळ्यांतून. एकाच वेळी."

काकू पुढे आल्या. "सर, झटका लागायच्या आधी कळतं का हो?"

त्या डबीकडे बघत होत्या.

"डॉक्टर म्हणाले होते, त्यांना काही कळलं नसेल. पण ते काय, सगळ्यांनाच तसं सांगतात."

"काकू, ही फार थोडी वीज आहे," मी म्हणालो. "ह्यावरून त्यांचं सांगता यायचं नाही."

"तेवढं समजतं मला. तरी घ्या मला. शेवटी उभी करा."

मी नळी घासली. काकूंनी डाव्या हातानं पहारेकऱ्याचा हात धरला आणि उजवं बोट पुढे केलं. टिक्! बारीक निळी ठिणगी उडाली. सगळे दचकले. काकू बोटाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा देवळातून बाहेर आलेल्या माणसासारखा झाला होता.

"परत करा."

परत केलं. मग आणखी दोनदा. दूधवाला हात चोळत होता, पण नको म्हणाला नाही.

"हात मागे घ्यावा असं मनात येतं ना," काकू हळूच म्हणाल्या, "तोवर होऊन गेलेलं असतं. चारही वेळा."

तास संपताना त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. साहित्य, कृती, आकृती, सगळं नीटनेटकं. 'अनुमान' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'त्यांना कळलं नसेल.'

चार वेळच्या निरीक्षणावरून असं अनुमान निघत नाही. एरवी मी लाल पेनानं काट मारली असती.

मी खाली सही केली आणि तारीख घातली.