साडीवर उमटलेला रामाजी

"माताजी, हर कपड़े पे चलेगा," दुकानदार म्हणाला होता. त्या 'हर कपड़े'वरचा माझा राग अजून गेलेला नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. माझ्या लेकीला, लतिकेला, घरीच छपाईचं काम सुरू करायचं होतं. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मजूर पुरवणारे ठेकेदार चिंतामणी आमच्या ओळखीचे. त्यांनी भट्टीवरच्या रामाजी नावाच्या एका मजुराचा नवा शर्ट आणून दिला. खिशावर त्याचं नाव छापायचं. धुतल्यावर टिकलं तर सगळ्यांच्या शर्टांचं काम लतिकेला. मंगळवारी नमुना दाखवायचा होता.

दुर्गच्या दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक, लाकडी चौकटीत ताणलेली जाळी; तिच्यातून डब्यातला रंग कपड्यावर दाबायचा. दुसरी, प्रिंटरमध्ये घालायची खास शाईची रिबिन. कागदावर नाव छापायचं, कागद कपड्यावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची.

"चौकट घे बाई," मी म्हटलं. "हात भरतीन, पन काय होऊन राहिलं ते दिसंन तरी."

"माय, तू पण ना! चौकट तर कोणीही चालवते."

तिच्या कॉम्प्युटर क्लासमधून जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घरी आलाच होता. दुकानदाराच्या 'हर कपड़े'वर विसंबून तिने रिबिन घेतली.

प्रिंटर असा किंचाळायचा की शेजारीण दाराशी यायची. पहिलं नाव चिंधीवर दाबलं. मी अक्षरं चाळिशीनंतर लेकीच्याच पाटीवर शिकले, एकेक लावून वाचते. ते काही केल्या लागेना. मला वाटलं, शिकलेलं विसरले. मग लतिकाच ओरडली, "उलटं आलं!" कागदावर उलटं छापलं तरच कपड्यावर सुलटं उमटतं, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तिने घाईत दोरीवरची माझी चांगली साडी ओढून टेबलावर घडी घातली, वर शर्ट ठेवला आणि इस्त्री दाबली. 'रामाजी' सुलटा आला, जरा फिकट. आम्ही खूश. शर्ट साबणाने धुतला. पाण्यासोबत रामाजी गेला.

पुन्हा छापला, पुन्हा गेला. लतिकेने इस्त्री आपटली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तेवढ्यात हे आले. अख्खी नोकरी भट्टीवर काढलेला माणूस. साडी उचलून बघत म्हणाले, "अवं तुळसा, हा रामाजी कोन होय? तुह्या पदरावर कावून बसला?"

"त्यालेच इचारा!"

शर्टातून आरपार जाऊन शाई साडीवर बसली होती, लखलखीत. मी साबण लावला, ब्रशने घासलं. हलेना. साडी टेरिलीनची, शर्ट सुती; म्हणजे ही शाई टेरिलीनलाच धरत होती.

"मग चिंतामणी काकांना सांगू, टेरिलीनचे शर्ट शिवा," लतिका उठून म्हणाली.

यांचं हसू थांबलं. "भट्टीसमोर टेरिलीन? ठिणगी पडली का वितळून कातडीले चिटकते, पोरी. तिथं सुतीच पायजे."

हे तर भिलाईतलं शेंबडं पोर सांगेल. पण शाई घेताना आम्हाला आठवलं नाही, आणि दुकानदाराला तर फक्त विकायचं होतं.

सोमवारी आम्ही पुन्हा दुर्गला गेलो.

"खुली रिबन वापस नहीं होती, माताजी."

"रहने दो. चौकट दिखाओ."

"बढ़िया चीज़ है. हर कपड़े..."

"चूप!" मी पिशवीतून यांच्या जुन्या कामाच्या शर्टाचा तुकडा काढला. "इस पर छापो. यहीं धोऊँगी."

"नाम क्या डालूँ?"

"आपका ही डालो. धुल गया तो आपका गया."

लतिका तोंडाला रुमाल लावून हसली. किती दिवसांनी! त्याने कुरकुरत 'गिरधारी' छापला, सुकवला, वरून इस्त्री फिरवली. मी त्याच्याच नळाखाली बसले. गिरधारीला साबण लावला, घासलं, पिळलं, पुन्हा घासलं. गिऱ्हाइकं बघायला थांबली. गिरधारी जागचा हलला नाही.

"हो गया, माताजी?"

"एक बार और."

मग लतिकेने चौकट उचलली, मी रंगाचा डबा. मंगळवारच्या आत रामाजीला त्याच्या शर्टावर आणायचं होतं. माझ्या साडीवरून तर तो आता उतरणार नव्हता.