पहिला घोट

वाळलेलं पान तळहातावर चुरगळल्याचा तो बारीक आवाज आला, की मी पाठमोरी असले तरी इंदूताई आल्याचं मला कळायचं. डोंगरीच्या उतारावरच्या आमच्या झाडीत हिवाळ्याचं ऊन गाळून आल्यासारखं उतरायचं, समुद्राकडून सुकत्या मासळीचा वास यायचा, आणि त्या कवडशांतून ही ठेंगणी बाई पानं चुरगळत, हुंगत, प्रत्येक झाडाकडे संशयाने पाहत चालायची. निवृत्तीनंतर गोडदेवहून बसने येऊन आमच्यासारख्या नवशिक्यांना झाडांच्या सावलीत गुळवेल, शतावरी, कचोरा लावायला शिकवणं हा त्यांचा ध्यास होता. ध्यासाइतकीच भीतीही होती. ओळखीच्या पानापाशीसुद्धा त्या थबकायच्या.

“ताई, तुम्ही आम्हाला लागवड शिकवताय की घाबरायला?” माझा नवरा सुहास चिडवायचा.

“घाबरायलाच. लागवड काय, पावसालाही येते.”

त्यांचा एक नेम होता. नवशिक्याच्या पहिल्या तोडणीचा पहिला घोट त्या स्वतः घेत. मगच तो काढा इतरांच्या ओठाला लागे. आमची गुळवेल कडुनिंबावर चढवली होती, कारण ज्या झाडावर चढेल त्याचा गुण वेल घेते, असं जुनी माणसं मानतात. “मुळाशी नको, वरची काप,” ताईंनीच सांगितलं. सुहासने उंचावरची जाड कांडी कापली, मी काढा उकळला, आणि ताईंनी डोळे मिटून घोट घेतला.

तेवढ्यात त्यांच्या पायाशी एक नारिंगी फळ पडलं. मी वर पाहिलं. वेल निंब ओलांडून शेजारच्या काजऱ्यावर गेली होती, आणि कांडी तिथलीच होती. काजरा म्हणजे विष. त्यावरच्या गुळवेलीला कुणी हातही लावत नाही.

मी कसंबसं सांगितलं. ताईंनी फळ उचलून डोळ्यांजवळ नेलं.

“वरचं मला दिसतच नाही गं हल्ली,” त्या म्हणाल्या. “हात धर. भीती वाटतेय.”

सुहास रिक्षा आणायला धावला. मी त्यांचा थंडगार, पानांच्या कडवट वासाचा हात धरून बसले. फांदी हलली, की त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत. जन्मभर दुसऱ्यांसाठी घाबरलेल्या बाईला स्वतःसाठी घाबरताना पाहणं मला सोसवत नव्हतं.

दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. काही झालं नाही. सकाळी ताई हसल्यासुद्धा, पण नंतर डोंगरीला कधी आल्या नाहीत.

“नजरेचा भरवसा उरला नाही, तर शिकवू कशाच्या जोरावर?” फोनवर एवढंच म्हणाल्या.

आता आमच्या शेजारी लागवड करणाऱ्या नव्या जोडप्याचा पहिला घोट मी घेते. कप ओठाला लावण्याआधी मान वर करून वेल कुठून कुठे गेली ते शोधते, आणि कान मात्र मागे, पान चुरगळल्याच्या आवाजाकडे लागलेले असतात. इंदूताई येत नाहीत. त्यांची भीती तेवढी माझ्या घशाशी उरली आहे, आणि वर्षं सरतात तशी तीच मला त्यांची सोबत वाटू लागली आहे.