वकिलाचा बंगला

आमच्या घरात नुकताच एक बंगला बांधून झाला. मालक आहेत वकीलसाहेब. वकील म्हणजे माझ्या सासऱ्यांचा पोपट. अंग हिरवंगार, गळ्याभोवती काळी-गुलाबी पट्टी, आणि समोरचा काहीही बोलला तरी उलट बोलायची सवय, म्हणून वकील. "ये" म्हटलं की "नाही", "खा" म्हटलं की "नाही". आपणच "नाही" म्हटलं तर मात्र खो-खो हसतो मेला. माझं त्याच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते, त्यामुळे उलट बोलणाऱ्यांची मला सवय आहे.

तर झालं असं. सासूबाई गेल्यापासून सासरे त्यांच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस. स्वतःच्या घराचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देतील होय? पण मागच्या थंडीत ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. वकिलाने ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याची झोप उडाली.

शेवटी आम्ही दोघांनी हातापाया पडून त्यांना आमच्याकडे आणलं. आले, पण अट घालून आले.

"माझं काय, मी कुठेही राहीन," ते म्हणाले. "वकिलाला मानवलं पाहिजे. महिनाभर बघू. नाही मानवलं तर आम्ही दोघं आपले परत."

मला ते इथे राहायला हवे होते. सरळच सांगते, त्यात लाजायचं काय? सेवाबिवा करायची मला काही हौस नाही. पण या घरात माझ्या विनोदाला हसणारं दुसरं कोणी नाही हो! नवरा माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, पण त्याला विनोद सांगणं आणि कपाटाला सांगणं एकच.

कपाटावरून आठवलं, नवरा फर्निचर बनवतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. माणूस बोलतो मोजून, जेवतो मोजून, आणि भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं दिसलं तरी उठून सरळ करतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, वकिलाचा जुना पिंजरा घेऊन आले, तेव्हा मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गंजलेल्या तारा, चेपलेलं दार. आत एक वाकडीतिकडी फांदी, तिची साल अर्धी कुरतडलेली. एक सुंभाचा गाठाळ तुकडा. आणि आडवी अडकवलेली मोडक्या छत्रीची मूठ.

"हे काय आहे, बाबा?"

"हा त्याचा दिवाणखाना," बाबा म्हणाले. मी हसले. मिस्त्री नाही हसले.

दुसऱ्याच दिवशी बंगल्याचं काम सुरू झालं. आणि खोटं कशाला बोलू, काम देखणंच झालं. उंचीपेक्षा रुंदी जास्त, म्हणजे पठ्ठ्याला या टोकाकडून त्या टोकाला उडता यावं. तारा इतक्या जवळ की मान अडकायची भीती नाही. खाली कागद अंथरलेला ट्रे, ड्रॉवरसारखा ओढायचा आणि साफ करायचा. बंगला ठेवला बैठकीत, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाठ भिंतीला लागेल असा, कारण चारी बाजूंनी मोकळं असलं की पाखराला धास्ती वाटते म्हणे. स्वयंपाकघराजवळ तर मुळीच नाही. तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ त्यांना बाधते, हे मिस्त्रींनी कुठून तरी चौकशी करून आणलं होतं. एवढंच काय, पोपट लाकूड कुरतडणार म्हणून त्यांनी पॉलिशसुद्धा केलं नाही. पॉलिश न केलेली वस्तू बैठकीत ठेवायची म्हणजे मिस्त्रींनी बनियनवर बाजारात जाण्यासारखं होतं. पण केलं बिचाऱ्याने.

मग दांड्या बसवल्या. वकिलाने बसायच्या दांड्या. तिन्ही एका जाडीच्या, एका लांबीच्या, घासून घासून काचेसारख्या केलेल्या. "हात फिरवून बघ," ते मला म्हणाले. मग बाबांना म्हणाले. मग दूधवाल्याला म्हणाले. दूधवाल्यानेही फिरवला हो हात, करतो काय! आणि ती जुनी फांदी, सुंभ, छत्रीची मूठ, सगळं मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं.

वकील बंगल्यात गेला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही."

आम्ही हसलो. सवयच त्याची. पण पुढच्या काही दिवसांत त्याचं बोलणं कमी झालं. एका पायावर उभा राहायचा, मग दुसऱ्या, मग दांडी सोडून चोचीने तारेला लटकायचा. गाजराचे तुकडे, वाटाणे, मक्याचे दाणे, मी वाटी सजवून ठेवायची. तो एकेक दाणा उचलायचा आणि मिस्त्रींच्या स्वच्छ ट्रेमध्ये टाकून द्यायचा. पाण्याच्या ताटलीत डुंबायची केवढी आवड त्याला, पण आता तिकडे बघेसुद्धा ना.

"मानवत नाही गं त्याला, सूनबाई," बाबा म्हणाले. म्हणाले ते तोंड पाडून, पण संध्याकाळी बघते तर पलंगाखालची बॅग खुर्चीवर आलेली.

मी तशीच वकिलाला उचलला आणि प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेला. मागोमाग मिस्त्रीही आले. डॉक्टरबाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळला आणि पायाचे तळवे वर करून बघितले. लालबुंद आणि चकचकीत, दोन्ही पाय.

"बसायला काय आहे पिंजऱ्यात?"

मिस्त्रींनी मोबाइल काढून फोटो दाखवला. मान ताठ. बाईंनी फोटो मोठा करून नीट न्याहाळला.

"काय सुरेख काम आहे हो! अप्रतिम. काढून टाका."

मिस्त्रींनी मोबाइल परत खिशात घातला.

"तुम्हाला एकाच मापाच्या कडक बुटांत दिवसरात्र उभं केलं तर?" बाई म्हणाल्या. "फांदी कुठे जाड असते, कुठे बारीक. पाय पकड बदलतो, भार सगळीकडे वाटला जातो. तुमच्या दांडीवर रोज त्याच जागी दाब पडतोय. शिवाय साल नाही, म्हणजे सोलायला काही नाही. मग त्याने दिवसभर करायचं काय? दाणेसुद्धा वाटीत वाढू नका. कागदात गुंडाळून ठेवा, शोधू दे त्याला."

"पण फांदी वाकडी असते," मिस्त्री हळूच म्हणाले.

"जितकी वाकडी तितकी बरी."

घरी येताना ते रस्ताभर मोबाइलमधला तो फोटोच काढून बघत होते. मला दया आली, पण हसूही येत होतं. शेजारणीकडे पेरूचं झाड आहे, औषध कधीच न फवारलेलं. तिच्याकडून फांद्या मागून आणल्या, गरम पाण्याने ब्रशने खसाखसा धुतल्या, उन्हात वाळवल्या. आणि बघते तर मिस्त्रींचा हात निघाला सँडपेपरकडे!

"खबरदार!" मी ओरडले.

"एवढी एक गाठ फक्त..."

"एकसुद्धा गाठ नाही." घरातला सगळा सँडपेपर गोळा केला आणि त्यावर बसले मी. खरंच बसले. मिस्त्रींनी फांद्या बसवल्या, एक उंचावर, एक खाली, एक तिरकी. मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर हे महाशय पेरूच्या फांदीवर पातळी तपासायचं लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये येतो का ते बघत होते. कपाळावर हात मारून घेतला मी. बाबा मात्र असे हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. मिस्त्री धावत पाणी घेऊन आले, पाठ चोळली, त्यांना खुर्चीत बसवलं, खिडकी लावून घेतली.

वकिलाने दिवसभर साल सोलली. खाली नुसता कचऱ्याचा ढीग. तळव्यांना मलम, कागदाच्या पुड्यांत दाणे, दोरीला टांगलेलं कणीस. हळूहळू तळवे निवळले, आवाज चढला, ताटलीतल्या पाण्यात डुंबून त्याने आमचा सोफा भिजवला आणि मी "बस झालं" म्हटल्यावर "नाही" म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

"मानवलं बघा, बाबा!"

"हो, मानवलं खरं," बाबा म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले.

महिना भरला त्या रविवारी सकाळी मी बैठकीत आले, तर बाबा दाराशी उभे. बूट घातलेले, हातात बॅग. बॅग एकच. वकील आपल्या फांदीवर बसून कणीस सोलत होता.

"वकील राहू दे तुमच्याकडे," बाबा म्हणाले. "त्याला मानवलंय. मी निघतो."

माझ्या डोक्यात अशी तिडीक उठली म्हणता! इतके दिवस मी त्या पोपटाच्या तळव्यांना मलम लावलं, सँडपेपरवर बसले, शेजारणीचे उपकार घेतले, ते कुणासाठी? आणि मग माझी ट्यूब पेटली. माझ्या खिडकीवर रोज हेच होतं. माणूस बिलावरून भांडत येतो, आणि तासाभराने कळतं की खरं दुखणं निराळंच आहे. महिनाभर घरात तेच चाललं होतं आणि मी बाई वकिलाचे पाय बघत बसले!

"बाबा, ती बॅग खाली ठेवा आणि खरं काय ते बोला," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. मिस्त्री दाढी अर्धी टाकून बाहेर आले.

बाबांनी बॅग ठेवली नाही. "चांगलं आहे गं इथे सगळं. फार चांगलं आहे. मागायच्या आधी पाणी येतं. बूट घालायला वाकलो की हा येऊन घालून देतो. आज तो आत होता म्हणून माझे मी घातले. कप उचलला की तू हातातून काढून घेतेस. तिकडे माझा चहा मी करत होतो, वाईट का होईना. इथे सकाळी खुर्चीत बसतो तो रात्री उठतो. खुर्ची झकास आहे, नाही म्हणत नाही. पण पाहुण्याने राहून राहून राहायचं तरी किती?"

कप मीच काढून घेत होते त्यांच्या हातातून. प्रेमाने काढून घेत होते हो!

मिस्त्री अर्ध्या गालावर साबण घेऊन उभे होते. मला वाटलं, हे आता बॅगेचा पट्टा नीट करतील आणि गप्प बसतील. पण ते बोलले.

"तुम्ही पडलात त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाकडे कपाट बसवत होतो. शिट्टी वाजवत होतो, बाबा. तुम्ही तिकडे फरशीवर, आणि मी इकडे शिट्टी वाजवतोय. तुम्ही ओल्या जागी पाय ठेवलात की मला धडकी भरते. गॅसजवळ गेलात की धडकी भरते. मला भीती वाटते हो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकी वाक्यं एका दमात या माणसाच्या तोंडून मी ऐकली नव्हती.

बाबांनी बॅग खाली ठेवली. मुलाच्या गालावरचा साबण बोटाने पुसला.

"अरे वेड्या, पडेन की मी. या वयात कोण पडत नाही? पडू नये म्हणून आलो का मी इथे? पडलो तर उचलायला तू आहेस, म्हणून आलो."

मग बाबांनी बाह्या सरसावल्या आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले. रात्रीची भांडी सिंकमध्ये तशीच होती. नळ सुरू झाला. मी आणि मिस्त्री सोफ्यावर बसलो, नापास होणारी पोरं निकालाची वाट बघत बसतात तसे. भांडी वाजत होती. ताट, वाटी, पुन्हा ताट. आणि मग खळ्ळकन!

मिस्त्री ताडकन उठले. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली ओढलं.

"बस."

"अगं, काचा असतील, पाय..."

"बस म्हणते ना!"

"कप होता!" आतून आवाज आला.

"कोणता?" मी ओरडून विचारलं.

"निळा!"

निळा माझा फार लाडका होता. "फुटू दे, बाबा! मला नाहीतरी आवडत नव्हता तो!" मी म्हटलं आणि माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

आत केरसुणीचा आवाज आला, काचा गोळा केल्याचा आवाज आला, मग पुन्हा नळ सुरू झाला. मिस्त्रींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं दुखायला लागली. आम्ही दोघं जागचे हललो नाही.