दवाखान्याचे दिवस

मोजा काढला, तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ उरला होता. साधा वळ लालसर असतो आणि बोलता बोलता विरून जातो. हा पांढुरका होता, बोटाचं पेर बसेल इतका खोल, आणि भरून यायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरबाईंनी शेजारीच अंगठा दाबून धरला. तिथंही खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पाय फुगलेत पुन्हा," रुग्णाची बायको म्हणाली. "आता परत गोळी वाढवणार ना?"

"इतक्यात नाही."

ही लांब भेटीची ओपीडी होती. एकाच वेळी अनेक आजार आणि प्रत्येक आजाराचा वेगळा डॉक्टर, अशा रुग्णांना इथं आख्खा तास मिळे. समोर बसलेला माणूस निवृत्त बसचालक होता, लांब पल्ल्याच्या गाडीवर आयुष्य काढलेला. साखर जुनी, हृदय कमजोर, मूत्रपिंडं खचत चाललेली. डायलिसिसची वेळ येईल म्हणून हाताच्या शिरेचं एक लहान ऑपरेशन आधीच करून ठेवावं, असं मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. हो की नाही, एवढंच त्याने सांगायचं होतं. वर्षभर तो "बघू" म्हणत होता.

"यांचं बघू म्हणजे काय, सांगू का?" बायको म्हणाली. "सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारतायत, तरी हे आपले स्टिअरिंग धरून बसलेत."

तो हसला. हसताना धाप लागली.

डॉक्टरबाईंनी कागद बाजूला सारले. "मला घरचा एक दिवस सांगा. अगदी उठल्यापासून."

"घरचा? त्यात काय सांगण्यासारखं. उठतो, गोळ्या घेतो. मग दुपारपर्यंत संडास-बाथरूमच्या खेपा, दुसरा उद्योग नाही. जेवलो की पत्ते. ही पानं लपवते."

"मी लपवते? हरलं की सुचतं यांना!"

"आणि पाय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घरी कुठले सुजतात?" बायकोच बोलली. "नुसत्या काटक्या. उभे राहिले की भोवळ येते, भिंत धरून चालतात. इथं यायचं म्हटलं की मात्र फुगतात. प्रवासात पाय लोंबतात ना, म्हणून."

डॉक्टरबाई क्षणभर त्या खळग्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "लघवीची गोळी आज घेतलीत?"

त्याने बायकोकडे पाहिलं.

"घेतली की," बायको म्हणाली. "मी स्वतः डबीतून काढून हातात दिली. कालही दिली."

त्याने सावकाश शर्टाच्या खिशात हात घातला. दोन पांढऱ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. त्यांना खिशातला कापूस चिकटला होता.

"मॅडम, ड्यूटीच्या आदल्या दिवसापासून पाणी टाळून पोट कोरडं ठेवायचं, हे अंगात मुरलंय. भरली गाडी मध्येच थांबवता येत नाही. इथंही तेच. एवढा प्रवास, मग रांग. उठून गेलो आणि नाव पुकारलं तर? आणि एकदा इथल्याच बाकावर..."

बायकोचा हात पदराशी गेला. "मला सांगायचं होतंत. बदलायला कपडे आणले असते."

"तेच नको होतं मला."

डॉक्टरबाई हळू बोलल्या, कारण चूक कुणा एकाची नव्हती. "म्हणजे आम्ही सगळ्यांनी तुम्हाला फक्त गोळी न घेतलेल्या दिवशीच पाहिलं. पाय सुजलेले दिसले की प्रत्येकाने डोस वाढवला. तो वाढलेला डोस तुम्ही घरी घेतलात आणि घरी कोरडे पडत गेलात. मूत्रपिंडांना ते बाधलं."

"म्हणजे मुळात किडनी चांगली आहे!" बायको पुढे सरकली. "गोळी कमी केली की झालं!"

"थोडी सावरेल. पण बरी होणार नाही. गोळी आज कमी करू, भोवळ थांबेल. तो ऑपरेशनचा प्रश्न मात्र आहे तिथंच आहे."

बायको मागे टेकली.

"ते डायलिसिसचं मशीन," त्याने विचारलं, "आठवड्यातून किती वेळा?"

"बहुतेक तीनदा. जाऊन-येऊन दिवस मोडतो. त्याने आयुष्य वाढू शकतं. पण तुमच्या हृदयाला ते झेपेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि नको म्हणालात, तरी मी तुम्हाला सोडणार नाही. धाप, सूज, दुखणं, सगळं बघेन. दिवस कदाचित कमी मिळतील."

"मी आणीन यांना," बायको घाईने म्हणाली. "तीनदा काय, रोज आणीन. पाठुंगळीला मारून आणीन."

"आणशील गं. तुझा भरवसा नाही असं कोण म्हणतंय?" त्याने टेबलावरच्या गोळ्या एका बोटाने तिच्याकडे सरकवल्या. "पण दवाखान्याच्या दिवशी मी कसा असतो, ते आता तुलाही कळलं. ते दिवस माझे नसतात. घरचे तेवढे माझे असतात."

वाकून तिने त्याचा मोजा उचलला आणि मांडीवर घेऊन सरळ करू लागली. वळ अजून भरला नव्हता.

त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. घसा खाकरला.

"हाताचं ऑपरेशन करायचं नाही. मशीन नको मला."