कर्त्याचा अंगठा

गोविंदसिंग राठोडांच्या घरात नाव नसलेली एकही वस्तू नव्हती, आणि नाव होतं ते एकाचंच. विजेचं मीटर गोविंदसिंगांच्या नावे, गॅसची टाकी गोविंदसिंगांच्या नावे, घरातल्या तिन्ही मोबाइलची सिमकार्डं गोविंदसिंगांच्या नावे. चार एकर वावर तर त्यांच्या नावे होतंच. सरकारनं गुरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले तेव्हा म्हशीचे मालक म्हणूनही त्यांचीच नोंद झाली. चार म्हशींत उभी केली असती तर आपली कोणती हे त्यांना सांगता आलं नसतं, पण बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मात्र तोंडपाठ होता.

पंचायत समितीत तीस वर्षं शिपायाची नोकरी केल्यावर माणसाला दुसरं काही कळो न कळो, कागद कळतो. माणूस खोटा असला तरी निभतं, कागद खरा पाहिजे आणि तो कर्त्याच्या नावे पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात ते सगळ्यांना पाठ होतं, कारण गोविंदसिंग ते न विचारता सांगत.

त्यांची मुलगी निता कारंज्याच्या कॉलेजातून बीसीए झाली होती. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं तिला दोन महिने घरूनच काम करून बघायला सांगितलं होतं. काम पसंत पडलं तर पक्की नोकरी. नाही पडलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायची आणि कॉम्प्युटरचा विषय कायमचा बंद, असं घरात ठरलं होतं. ठरवणारे कोण, ते आता कळलंच असेल. सोमवारी सकाळी दहाला मशीन तयार करून बसायचं, एवढीच कंपनीची पहिली अट होती.

लॅपटॉप शुक्रवारी आला. पैसे निताचे, दोन वर्षं तांड्यातल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. बिल अर्थातच गोविंदसिंगांच्या नावे. कारंज्याहून एसटीनं येताना त्यांनी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि घरी आल्यावर निताला त्याला हातही लावू दिला नाही. नवीन मशीन जाणत्या माणसानं उघडावं म्हणून त्यांनी पुतण्या राजपालला बोलावणं धाडलं. राजपाल बारावी झालेला, मानोऱ्याच्या बसस्टँडपाशी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. घरात बीसीए झालेली पोरगी बसलेली असताना हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसा पुरुषाचा असला की त्याला सल्लामसलत म्हणतात.

निताची आई धनीबाई, जिला ती याडी म्हणायची, तिनं मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि राजपालनं बटण दाबलं. आयुष्यभर फॉर्म भरलेला माणूस तो. मशीननं नाव विचारताच त्यानं आधार कार्ड मागितलं. गोविंदसिंगांनी स्वतःचं दिलं. नाव भरून झाल्यावर जातीचा रकाना कुठे दिसेना, म्हणून राजपाल थोडा वेळ बेचैन होता. मग मशीननं बोटाचा ठसा मागितला तसा त्याच्या जिवात जीव आला. त्यानं काकांचा अंगठा धरून टेकवला. तीस वर्षं साहेबांच्या फायली उचललेल्या त्या मऊ अंगठ्याचा ठसा पहिल्या झटक्यात उमटला. धनीबाईचा अंगठा रेशन दुकानाच्या मशीनवर दर महिन्याला चारचारदा नापास व्हायचा, पण तो इथे कोणी मागितला नव्हता.

ठशाच्या जोडीला सहा आकडी पिन लागते. ती गोविंदसिंगांनी हाताचा आडोसा करून स्वतः टाकली. निताने विचारली तर म्हणाले, पिन कोणाले सांगायची नसते, बँकेवाल्यांनी बजावून सांगतलं हाये. मग मला वेगळं खातं तरी उघडून द्या, असं तिनं राजपालला म्हणून पाहिलं. एका घरात दोन मालक कशाला, असं काका म्हणाले आणि राजपालनं मान डोलावली. जाताना दोन मिनिटं हात लागला नाही तर मशीन झोपलं पाहिजे, अशीही व्यवस्था तो काकांच्या हुकुमावरून करून गेला. लाईट काय फुकट येते?

शनिवारी निताची खरी कसोटी लागली. प्रोग्रॅम लिहायला नुसतं मशीन पुरत नाही, त्यावर पाच-पंचवीस सॉफ्टवेअर चढवावी लागतात. प्रत्येक वेळी मशीन विचारायचं, बदल करू देऊ का, आणि मालकाचा अंगठा मागायचं. मालक सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर बसलेले. निता त्या दिवशी देवळापर्यंत अकरा वेळा गेली. एवढ्या फेऱ्यांत देव पावला असता.

बरं, गोविंदसिंग आले की अंगठा लगेच ठेवतील तर शपथ. आधी चौकशी व्हायची. डेटाबेस म्हणजे काय हे तिनं सांगितलं, तर त्यात लिहून ठेवायला घरात वह्या नाहीत का, असं त्यांनी विचारलं. कुठलं सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय त्याचा पत्ता मशीनच्या सेटिंगमध्ये भरावा लागतो, असं ती म्हणाली, तर पत्त्याला पुरावा कसा मागत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. चढवायला अर्धा तास लागणारं एक मोठं सॉफ्टवेअर होतं, त्यात मशीन दर दोन मिनिटांनी झोपी जायचं. शेवटी धनीबाई शेजारी येऊन बसली. एका हातानं सुपातली तूर निवडायची आणि दुसऱ्या हातानं माऊस हलवत राहायचा. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. न विचारता हात हलवत राहायची तिला तीस वर्षांची सवय होती.

रविवारी दुपारी शेवटचं एक काम राहिलं. गिट नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. कोणती ओळ कोणी लिहिली, याची ते कायमची नोंद ठेवतं. सुरू करताना ते एकदाच विचारतं, तू कोण? निताने स्वतःचं नाव लिहायला घेतलं. अंगठ्यासाठी आलेले गोविंदसिंग अजून पाठीमागेच उभे होते.

"मशीन माह्या नावानं, आन् आतमंदी तुह्यं नाव?" ते म्हणाले. "नाव जुळलं नाई तं फारम बाद होते. इसरली का?"

ती विसरली नव्हती. बँकेचं खातं बापाच्या नावे आणि अर्ज तिच्या नावे, एवढ्या कारणावरून तिची शिष्यवृत्ती दोन वर्षं अडकून शेवटी बुडाली होती. गिटला आधार कार्डाशी काही देणंघेणं नसतं, हे तिला नीट माहीत होतं. पण नाव न जुळण्याची भीती ही माहितीच्या खूप खाली बसलेली असते. आमच्याकडे पोरं पाळण्यात असल्यापासून ती शिकतात. शिवाय कर्ता रागावून उठला तर उद्या दहाला अंगठा कोण देणार? तिनं आपलं नाव खोडलं आणि बापाचं लिहिलं. एवढं शिकूनही तिनं ते लिहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन महिने तिनं जीव तोडून काम केलं. औषधांच्या दुकानांसाठी कंपनी एक प्रोग्रॅम बनवत होती, त्यातला मुदत संपत आलेली औषधं आधी विकायला काढणारा भाग निताने जवळजवळ एकटीनं लिहिला. सकाळी गोविंदसिंग मशीन उघडून तुरीचे भाव बघायचे, एखादं भजन ऐकायचे, मग ते तिच्या हवाली करायचे. दोन-तीनदा नाव बदलावं असं तिच्या मनात आलं. पण अर्ध्यात नाव बदललं की फॉर्म बाद, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

दोन महिने संपायच्या दिवशी कंपनीतून अंजू मॅडमचा फोन आला. त्या निताच्या कामाचा निकाल लावणार होत्या. आवाज कोरडा होता. नोंदी काढल्या तर निता राठोडच्या नावावर एक ओळही निघाली नव्हती. सगळं काम कुणा गोविंदसिंग राठोडांचं होतं, आणि ते फार चांगलं होतं. वाशिम जिल्ह्यातून दोघांना घेतलंय, असंच पुण्यातले लोक आतापर्यंत समजत होते. आपलं काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्याला कंपनी ठेवत नाही, असं त्यांनी सांगितलं. निताने सगळा प्रकार सांगितला, पण स्वतःच्या कानांनाच तो बनवलेला वाटला. त्या म्हणाल्या, चार वाजता व्हिडिओवर ये, आणि या गोविंदसिंगांना सोबत आण.

गोविंदसिंगांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला. कंपनी त्यांना नावानं बोलावत होती, आणखी काय पाहिजे? बापाची ही हौस बघून निताला रडू येत होतं आणि त्याचा गळा धरावासाही वाटत होता. त्यांनी नुसतं हो, मीच, असं म्हटलं असतं तरी दोन महिने पाण्यात गेले असते, आणि कुठल्याही कागदाला ते आजवर नाही म्हणाले नव्हते. धनीबाई कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला सूप घेऊन बसली.

अंजू मॅडमनी नमस्कार केला आणि विचारलं, मुदतीच्या औषधांचा तो भाग तुम्हीच लिहिला का, तुम्हाला ते कसं सुचलं?

"मले काय सुचते, मॅडम," गोविंदसिंग मोकळेपणानं म्हणाले. "काम सारं पोरीनं केलं. नाव माह्यं हाये."

"तिचं काम, मग नाव तुमचं का?"

या प्रश्नानं गोविंदसिंग खरोखर चकित झाले. पुण्यातल्या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, याची त्यांना दया आली. त्यांनी तिला समजावून सांगितलं.

"घराचा कर्ता मी हाव ना. वावर बायको करते, सातबारा माह्या नावानं. म्हैस बायको पाह्यते, बिल्ला माह्या नावानं. लॅपटॉप पोरगी चालवते, तं तो कोनाच्या नावानं पायजे, तुमीच सांगा."

सुपाचा आवाज थांबला. अंजू मॅडमनी निताला तो भाग उघडायला लावला आणि उलटसुलट विचारून घेतलं. एक नवीन बदल त्यांनी सांगितला, तो तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवला. वीस मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, आता पुरे, निता. मी पत्र पाठवते, ते मिळालं की आधी ते नाव बदल.

पत्र तिसऱ्या दिवशी आलं. गोविंदसिंगांनी राजपालच्या दुकानातून त्याची रंगीत प्रत काढवली, चष्मा लावला आणि ओळीओळीवर बोट फिरवत गेले. कु. निता गोविंदसिंग राठोड. त्यांचं बोट मधल्या शब्दावर थांबलं. चेहरा उजळला.

"मधात हाये," ते म्हणाले. प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि तांड्यात दाखवायला निघाले. दारापाशी धनीबाई शेणाचे हात धूत होती.

"त्याच्यात मी कुठी हाव?" तिनं विचारलं.

प्रश्न सरळ होता, रागाचाही नव्हता. गोविंदसिंगांनी पुन्हा घडी उलगडली, प्रत मागूनपुढून पाहिली, आणि ही कंपनीची पद्धत असेल असं म्हणून चालते झाले.

ते निघण्याआधीच निताने त्यांच्याकडून शेवटचा अंगठा घेतला होता. नाव बदलायचंय, पुण्याचा हुकूम आहे, असं सांगितल्यावर त्यांनी पिनही कानात सांगितली. ती म्हशीच्या बिल्ल्याचे शेवटचे सहा आकडे होती. ते दिसेनासे झाल्यावर निताने पिन बदलली, नाव बदललं, झोपायची वेळ काढून टाकली, आणि कर्त्याचा अंगठा पुसून टाकला. मग तिनं याडीला बोलावलं.

धनीबाईचा उजवा अंगठा मशीननं घेतला नाही. डावाही नाही. कापूस वेचून आणि सोयाबीन सोंगून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या, तर्जनीला उभी चीर होती. रेशनवालाही असाच म्हणते, राहू दे, असं म्हणून ती हात मागे घ्यायला लागली. निताने सोडला नाही. एकेक बोट पुसून ती टेकवत गेली. नऊ बोटं नापास झाली. दहावी, डावी करंगळी, मशीननं मुकाट घेतली. माऊस हलवून मशीन जागं ठेवणाऱ्या बाईला ते उघडायचा हक्क दोन महिने उशिरा मिळाला. निताला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदसिंग तुरीचे भाव बघायला मशीनपुढे बसले. अंगठा ठेवला. पुन्हा ठेवला. धोतराला पुसून ठेवला. पिन टाकली, तीही चालेना. त्यांनी निताला हाक मारून नवी पिन विचारली.

"पिन कोनाले सांगायची नसते, बा," चूल पेटवता पेटवता निता म्हणाली. "याडीचं बोट चालते त्याले."

गोविंदसिंगांनी गोठ्याकडे तोंड करून हाक दिली. धनीबाई म्हशीखाली बसली होती.

"दूध काढून राह्यली मी," तिकडून आवाज आला. "बसा जराशे."

गोविंदसिंग बसले.