खरकटा हात

श्रीनाथने पुन्हा वाटी पुढे केली आणि कुसुमने दही वाढलं. धाकटा दीर हैदराबादला मोठा शास्त्रज्ञ. सकाळीच लातुरात त्याचा सत्कार झाला होता आणि एवढ्या उकाड्यात, जेवतानाही, शाल खांद्यावरून उतरली नव्हती.

सगळ्यांच्याच शरीरात तयार होणाऱ्या लॅक्टेटचा हाडाच्या एका दुर्मीळ गाठीशी संबंध असावा, एवढाच त्याचा शोध. एवढ्यावर फोटो कोण छापतं? म्हणून महाशयांनी पत्रकाराला सोपं करून सांगितलं, दह्यातही त्याच्या जवळचंच काहीतरी असतं. बातमी आली, दह्यामुळे हाडाचा कर्करोग. फोटो झकास आला होता, त्यामुळे खुलासा करायचं राहून गेलं.

या घरात त्या बातमीने निवाडाच करून टाकला. पुतणीच्या, अपूर्वाच्या, गुडघ्यात तीच गाठ होती. आणि प्रत्येक परीक्षेला निघताना तिच्या हातावर दही-साखर कोण ठेवत होतं? तिची आई, कुसुम.

"लई कौतुक होतं दह्याचं," सासूबाई महिनाभर ऐकवत होत्या. "घे आता."

कुसुमलाही ते पटलं होतं. संताप यायचा तो याचाच.

आज अपूर्वा ऑपरेशनसाठी निघाली होती. गाडी दारात उभी होती. कुबडी टेकत ती टेबलापाशी आली आणि तिने हात पसरला.

"आई, दही."

कुसुम जागची हलली नाही.

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. "श्रीनाथला विचार. त्यानंच शोधून काढलंय."

अपूर्वाने हात काकाकडे वळवला.

"मग काका, तुम्हीच ठेवा."

एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, दह्याचा काही संबंध नाही. परदेशात तो हेच तासभर इंग्रजीत सांगून आला होता. पण इथे समोर त्याची आई बसली होती, आणि खांद्यावर शाल होती.

"माझा हात खरकटा आहे," तो म्हणाला, आणि त्याने बोटं चाटली.

कुसुमने त्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या वाटीकडे. वाटी पुसून लख्ख केली होती.

मग तिने पातेल्याच्या तळाचं दही चमच्याने खरवडून काढलं, वर साखर घातली आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या.

अपूर्वाने हात चाटून पुसून घेतला.

श्रीनाथने सवयीने वाटी पुढे केली.

"संपलं, भावजी," कुसुम म्हणाली, आणि लेकीची पिशवी उचलून गाडीकडे चालू लागली.