टेलरबाईंचा अंदाज

सायकलच्या शर्यतीतलं टेलरबाईंना खरं तर ओ की ठो कळत नव्हतं. गियर म्हणजे काय हे दोन्ही मुलांनी त्यांना चार-चार वेळा समजावलं होतं, आणि दर वेळी मान डोलावून त्यांनी आठवड्याभराने पुन्हा तेच विचारलं होतं. पण शर्यतीचे दिवस आले की त्या गल्लीत त्यांच्याइतका मान कुणालाच नसे. बाईंनी दुकानाचं शटर वर केलं की शेजारचा औषधवाला आपलं काउंटर वाऱ्यावर सोडून दारात हजर.

"काय बाई, आज कसं काय?"

बाईंच्या तोंडात टाचण्या असत. त्या हातानेच 'थांबा' म्हणत. कपाटावरच्या टीव्हीत झेंडा पडायचा, सायकली सुटायच्या, आणि मगच टाचण्या बाहेर निघायच्या. "पहिल्या चढावर कुणी हलणार नाही. दुसऱ्यावर लाल शर्टवाले जोर करतील, पण तो आरंभशूरपणा. शेवटी तो जाडजूड गडी आहे ना, इंजिन म्हणतात तो, तोच नेणार."

आणि बहुतेक वेळा तस्संच व्हायचं. औषधवाला गिऱ्हाइकांना खोकल्याच्या बाटलीबरोबर बाईंचं भविष्यही फुकट द्यायचा.

लोकांना वाटे, बाईंचा अभ्यास दांडगा आहे. अभ्यास कसला नि काय! बाईंचे दोन मुलगे दोन वेगवेगळ्या टीमचे मॅनेजर होते. आदल्या संध्याकाळी दोघंही आईला फोन करून उद्याचा बेत सांगत. थोरला बाईंच्या जेवणाआधी करायचा, धाकटा बाईंचं जेवण झाल्यावर, स्वतः जेवायला बसण्याआधी. शर्टाची पाठ आणि पुढचा भाग जोडला की तो अंगावर कसा बसणार ते कळतं. तसे हे दोन बेत जोडले की बाईंना अख्खी शर्यत दिसायची. पण झेंडा पडेपर्यंत त्या चकार शब्द काढायच्या नाहीत, आणि एका मुलाचं दुसऱ्याला तर कधीच नाही. इकडची काडी तिकडे केली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

अभिमान होता आणि भीतीही होती. कारण हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. इंजिन ज्या टीममध्ये होता, त्या मोठ्या टीमच्या मॅनेजरची जागा थोरल्याला मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती धाकट्याला मिळाली. थोरल्याने "छान झालं" म्हटलं, स्वतः एका लहानशा टीमकडे गेला, आणि त्यानंतर दोघांना एकमेकांचा नंबर जणू विसरायलाच झाला. आता हा विचारायचा, "तो बरा आहे ना?" आणि तो विचारायचा, "दादाचं कसं चाललंय?" दोन्ही प्रश्न आईला. आपण एका बाजूला एवढ्याशा जरी कललो तरी राहिलेला हा एक धागाही तुटेल, असं बाईंच्या मनाने घेतलं होतं.

त्यात यंदा थोरल्याच्या मालकांनी त्याला निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. या शर्यतीत एक तरी स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, जिंका, नाहीतर दुसरीकडे बघा. आतापर्यंत एकही हाती लागली नव्हती. उद्याची स्टेज घाटाची, तीन मोठे चढ आणि शेवटी उतार. त्यानंतरच्या सगळ्या स्टेज सपाट रस्त्याच्या होत्या, आणि थोरल्याच्या टीममधल्या हडकुळ्या पोरांना सपाट रस्त्यावर कुत्रं विचारत नसे. म्हणजे काय ते उद्याच.

दुपारी धाकटी सून स्कर्टची झिप बदलून घ्यायला आली. पोरगी मनाची निर्मळ, पण तोंडाला टाका नाही.

"आई, तुमचे किती उपकार मानायचे!" ती स्टुलावर बसता बसता म्हणाली. "परवा हा म्हणाला, आई नसती तर मी कधीच तोंडघशी पडलो असतो."

"मी काय केलं गं?"

"तुम्ही त्याला 'पोटभर जेव हं' म्हणालात ना! तुम्ही तसं म्हणालात की तो लगेच बेत बदलतो."

बाईंनी मशीनच्या पायट्यावरून पाय काढला. "म्हणजे?"

"म्हणजे," सून हसत हसत सांगू लागली, "त्याचा बेत फसणार असेल तर तुम्हाला त्याची कीव येते, आणि कीव आली की तुम्ही जेवायला सांगता. बेत चांगला असला की नुसतं 'बरं' म्हणता नि पावसाचं बोलता. त्याने कधीच ओळखलंय. तुम्हाला नव्हतं माहीत?"

बाईंना नव्हतं माहीत. त्यांनी मनातल्या मनात एकेक संध्याकाळ उसवून पाहिली. थोरल्याचा बेत ऐकून झालेला असायचा, मग धाकट्याचा फोन यायचा, आणि हो, त्या म्हणाल्या होत्या, पोटभर जेव. थोरल्याचं पारडं जड दिसलं त्या दर वेळी, आणि दुसऱ्या दिवशी नेमका त्यांचा अंदाज चुकला होता. गुपित राखलं म्हणून आपण मिरवत होतो, आणि ते आपल्याच तोंडून भाकरीच्या नावाने गळत होतं. थोरल्याच्या एकेका पराभवाला त्यांनी स्वतःच्या हाताने वाढलं होतं. त्यांना धाकट्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं हसूही आलं. लहानपणी पत्ते खेळतानासुद्धा हा मेला पानं सोडून आईच्याच तोंडाकडे बघायचा.

सून गेली. बाई एका पँटची दुमड घालत बसल्या आणि विचार करू लागल्या. जेवायला सांगावं तर तो बेत बदलणार. न सांगावं तर त्याला कळणार की बेत ठीक आहे. रोज उठून सांगावं तर आवाज आहेच चुगली करायला. इकडे आड, तिकडे विहीर. मध्येच एक दुष्ट विचारही डोकावला. एकदाच मुद्दाम उलटं सांगितलं तर? चांगल्या बेतावर 'पोटभर जेव' म्हटलं, की हा बेत बदलेल, फसेल, आणि थोरल्याची नोकरी वाचेल. हा विचार पहिल्या पायाची दुमड पुरी होईपर्यंत त्यांच्या मनात राहिला. दुसऱ्या पायाला हात घातला तेव्हा त्यांना त्याची लाज वाटली.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. नेहमीपेक्षा लवकर, आणि आवाज नको इतका मोकळा.

"आई, ऐक हं, उद्या आम्ही काय करणार आहोत..."

"नको सांगूस," बाई म्हणाल्या.

"अं?"

"नको सांगूस म्हटलं ना. मला यंदा एक तरी स्टेज बाकीच्यांसारखी बघू दे. काय होणार ते ठाऊक असलं की सगळी मजा जाते."

मग थोरला "बरं" म्हणाला, पाठीवरचं पोतं उतरवून ठेवल्यासारखं. बाईंना वाटलं, बिचाऱ्याचं मन मोडलं आपण.

बाईंच्या जेवणानंतर धाकटा. तो तर सुरुवातच बेतापासून करायचा. बाईंनी त्यालाही तिथल्या तिथे अडवलं.

"का पण?" तो चपापला. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "बरं, मी आज पोटभर जेवू ना?"

"पोट तुझं आहे, तुझं तू बघ," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाने विचारूनही त्यांनी त्याला जेव म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सकाळी औषधवाला आला तो एकटा नाही. सोबत न्हावी, न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, आणि दोन-तीन अनोळखी माणसं. घाटाची स्टेज म्हणजे बाईंच्या विद्येचा कस! झेंडा पडला. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी टाचण्या काढल्या, आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना. आत काहीच नव्हतं. होती ती फक्त मनातली इच्छा. तीच बाहेर आली.

"पहिल्या चढावर सगळे एकत्र," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर इंजिन गळणार. आणि तिसऱ्यावर लुकड्या सुटेल, तो कुणाला सापडायचा नाही."

लुकड्या म्हणजे थोरल्याच्या टीमचा हुकमी चढाईवाला. औषधवाल्याने समाधानाने मान हलवली.

पहिल्याच चढावर सगळे पांगले. चार-पाचजण पुढे निघून गेले. त्यांत थोरल्याच्या टीमचा एक टकल्या होता, इतरांना पाण्याच्या बाटल्या पोचवणारा, निवृत्तीला आलेला. सगळे त्याला बाटलीकाका म्हणत. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या चढावर इंजिन गळायचं राहिलं बाजूला, लुकड्याच मागे पडू लागला. चेहरा पांढराफटक, मान खाली, सायकल नागमोडी. दुकानातल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी दुमडीत मान खुपसली. त्यांना स्वतःच्या भविष्याचं काही वाटत नव्हतं. थोरल्याची नोकरी त्या चढावरून घरंगळत खाली येताना त्यांना दिसत होती.

आणि मग एक गंमत झाली. लुकड्या मागे पडला, तसा इंजिनही मागे पडला.

"याला काय झालं?" न्हावी म्हणाला.

इंजिनला काहीच झालं नव्हतं. तो ताजातवाना होता. पण लुकड्याच्या मागच्या चाकावरून त्याची नजर हलेना. लुकड्या हळू, की हा हळू. लुकड्या थांबल्यासारखा झाला, तर हाही. बाईंच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. आज धाकट्याला कुणी जेवायला सांगितलं नव्हतं, कुणी पावसाचंही बोललं नव्हतं. त्याला वाटत होतं, दादा नाटक करतोय. लुकड्या दमल्याचं सोंग करतोय आणि आता उसळी मारेल. म्हणून कानातल्या रेडिओवरून तो इंजिनला ओरडून सांगत असणार, सोडू नकोस त्याला! लुकड्या खरोखरच मेटाकुटीला आला होता, आणि अख्ख्या शर्यतीतला सगळ्यांत तगडा गडी त्याच्या मागे मागे वरातीत चालल्यासारखा चालला होता.

तोवर बाटलीकाका तिसरा चढ चढत होते. सोबतचे एकेक करून गळाले. काकांनी दोनदा मागे वळून पाहिलं, आपला लुकड्या येतोय का म्हणून, त्याच्यासाठी थांबायचं असणार. मग रेडिओत कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी मागे पाहिलंच नाही. इंजिनला उमज पडली तेव्हा काका माथ्यावर होते. उतारावर त्याने जिवाचं रान केलं. पण उतारावर टकल्या माणसाला कोण धरणार! काकांनी रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर करायचं विसरून तोंड झाकून रडू लागले.

"बाई," औषधवाला हळूच म्हणाला, "आज एकही गोष्ट बरोबर आली नाही तुमची."

"एकही नाही!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. गल्लीतल्या लोकांनी बाईंना असं कधी पाहिलं नव्हतं.

आधी धाकट्याचा फोन आला. तो हसत होता की ओरडत होता, तेच कळेना. "आई, तो लुकड्या खरंच दमला होता गं! मी अख्खा दुसरा चढ एका मेलेल्या माणसाचा पाठलाग केला!" मग त्याने विचारलं, "दादाची नोकरी राहिली ना?"

"राहिली असेल," बाई म्हणाल्या.

नंतर थोरल्याचा आला. मालकांनी मिठी मारली, नोकरी पक्की झाली, काकांनी अजून एक वर्ष थांबायचं कबूल केलं, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग तो घुटमळला.

"आई, काल मी तुला खोटं सांगणार होतो."

बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"मी तुला माझा बेत सांगितला, की रात्रीतून त्याचा बदलतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आधी वाटलं तूच सांगतेस त्याला. मग स्वतःचीच लाज वाटली. तो आवाजावरून ओळखतो, लहानपणापासून. म्हणून म्हटलं, खोटा बेत सांगू, आई फसेल, म्हणजे तोही फसेल." त्याने नाक ओढलं. "तू ऐकलंच नाहीस. ऐकलं असतंस तर तसाही जिंकलो असतो कदाचित. पण मग तुला फोन करायला तोंड राहिलं नसतं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी कुणाच्या तरी पँटच्या पायाला पुसलं. आपण मुलाला वाचवायला निघालो होतो आणि त्याला नकळत भलत्याच गोष्टीपासून वाचवलं, हे त्यांना तेव्हा कळलं. "आता एक काम कर," त्या म्हणाल्या. "त्याला फोन लाव."

"कशाला? तो चिडला असेल."

"त्याने मघाशी मला पहिलं काय विचारलं माहितीये? दादाची नोकरी राहिली ना. याचं उत्तर मी का द्यायचं? नोकरी तुझी आहे. तूच सांग त्याला."

मग थोरला "बघतो" म्हणाला. लहानपणीही गृहपाठ कर म्हटलं की तो हेच म्हणायचा, त्यामुळे बाईंना फारसा भरवसा वाटला नाही.

त्यांनी दुमड पुरी केली, दोरा तोडला, इस्त्री फिरवली. मग राहवेना म्हणून धाकट्याचा नंबर लावला. बिझी. थोरल्याचा लावला. तोही बिझी. त्यांनी पँटला बटण लावलं, चहा करून घेतला, सुनेच्या झिपला हात घातला आणि पुन्हा दोन्ही नंबर लावून पाहिले.

"अजून बिझी!" त्या दारातल्या औषधवाल्याला म्हणाल्या. यात इतकं आनंदाने सांगण्यासारखं काय आहे, ते त्या बिचाऱ्याला काही केल्या कळेना.